ओठांचे दीड मार्क

आमच्या घरच्या सत्यनारायणाला दहापैकी साडेसहा मार्क पडले होते, हे मी आजही विसरलेले नाही. देणारे होते आमचे शेजारी आनंदराव इंगवले. प्रसादाचा शिरा संपवून, बोट चाटत, त्यांनी दारातच निकाल सांगितला.

"वैनी, चित्र आठ. आंब्याचे डहाळे झ्याक. आवाज चार. पंडितजी नाकात बोलतात आनी शंख फुटका हाय. पात्रं साडेसात. साहेबांना पोथीत झोप लागली, खरं बसले मात्र सरळ."

प्रत्येक आकड्याला तेवढी बोटं वर. अर्धा मार्क असला की एक करंगळी मधूनच दुमडायची. तिन्हींची सरासरी त्यांनी तोंडीच काढली आणि चपला घालून निघून गेले. आमचे साहेब, म्हणजे टेलिफोन खात्यात नोकरी करणारे माझे यजमान, खूश झाले, कारण साडेसात हा त्यांचा आयुष्यातला पहिला फर्स्ट क्लास होता. मी मात्र चार दिवस धुमसत होते.

चित्र, आवाज, पात्रं. जगातली कुठलीही गोष्ट इंगवले या तीन खणांत बसवायचे. चंदीगडच्या सुखना तलावावरचा सूर्यास्त: चित्र नऊ, आवाज सहा, कारण वल्ही करकरतात, आणि पात्रं दोन, कारण नवीन लग्न झालेली जोडपी तिथं येऊन भांडतात. माझ्या दिवाळीच्या चिवड्याला त्यांनी आवाजाचे नऊ दिले आणि चित्राचे पाच. दातांच्या डॉक्टरकडून गाल धरून आले तेव्हाही फाटकातूनच सांगितलं, "आवाज शून्य, वैनी. यंत्र न्हवं ते, गिरनी हाय." दहा मात्र त्यांनी कुणाला, कधीही दिले नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "दहा दिलं की मानूस बघायचं सोडतो."

मूळचे कोल्हापूरचे, म्हणून 'पण'च्या जागी 'खरं'. वडील सिनेमाच्या स्टुडिओत पडदे रंगवायचे; डोंगर, राजवाडा, चंद्र, काय सांगाल ते. त्यामुळे इंगवल्यांचं लहानपण रंगवलेल्या डोंगराच्या पायथ्याशी गेलं. पुढं नोकरी लागली ती सरकारी कारखान्यात, दुर्बिणींची भिंगं तपासायची. भिंगात केसाएवढा ओरखडा सापडला की त्या दिवशी स्वारी खुशीत घरी यायची. सापडला नाही तर शेजाऱ्यांत शोधायची.

आता थोडं आमच्याबद्दल. चंदीगडात आम्ही सगळेच बदलीवर आलेले. सगळ्यांची सरकारी घरं एकाच साच्यातली, विटांची, जाळीच्या खिडक्यांची. घराबाहेर हिंदी, बाजारात पंजाबी, आणि मराठी फक्त पोळ्या लाटताना. आमचा मिलिंद तेव्हा आठ वर्षांचा. मी म्हणायची, "हात धुऊन ये," आणि तो म्हणायचा, "मम्मी, अभी तो धोए थे." या पोरांच्या कानांवर मराठी पडावं म्हणून आमचं मराठी मंडळ होतं. अध्यक्ष निवृत्त कर्नल साहेब, तोफखान्यातले. कार्यवाह मी, कारण ज्या बैठकीत कार्यवाह निवडला त्या बैठकीला मी गेले नव्हते. मंडळाची स्थिती अशी होती की कोजागरीला दूध उरायचं आणि पोरं घरी राहायची. "बोर होता है," हा त्यांचा एकमुखी ठराव.

त्या वर्षी कर्नल साहेबांनी दिल्लीच्या एका जपानी सांस्कृतिक केंद्राला पत्र टाकलं, आणि केंद्रानं चक्क होकार दिला. जपानी कार्टूनची एक मालिका होती, बारा भागांची, रंगीत. पहिले सहा भाग सात आठवड्यांसाठी मिळणार. ते दाखवायचे, सोबतचा अभिप्रायाचा फॉर्म भरून पाठवायचा, आणि फॉर्म वाचून केंद्र ठरवणार की पुढचे सहा आम्हाला द्यायचे की दुसऱ्या कुणाला. गोष्टीचा सारांश टपालानं मागाहून येणार होता. फॉर्मवर तीन रकाने होते: दृश्य, ध्वनी, पात्रे. प्रत्येकी दहापैकी गुण आणि कारणं.

मी तो फॉर्म इंगवल्यांना दाखवला. त्यांनी वाचला, आमच्या पायरीवर बसले आणि पुन्हा वाचला.

"वैनी, हे कुनी केलंय? या मानसाला भेटायला पायजे."

परमुलखात गाववाला भेटावा तसा चेहरा झाला होता. मंडळानं एकमतानं मार्कांचं काम त्यांच्याकडं दिलं, म्हणजे तसं त्यांनी घेतलंच. जाता जाता दोनदा मागे वळून म्हणाले, "खरं पुढचे सहा यायलाच पायजेत बघा. यायलाच पायजेत." पन्नाशीचा माणूस, घरी मूलबाळ नाही, आणि कार्टूनसाठी एवढी घालमेल कशाला, हे मला कळेना.

घरी त्यांची बायको होती, सुमनबाई. तिच्याविषयी मी चांगलं बोलावं असं तेव्हा काही नव्हतं. हळदीकुंकवाला यायची, हसायची, आणि कुणी काही विचारलं की उत्तर न देता वाण घेऊन निघायची. पुढं पुढं येईनाशीच झाली. एकदा बावीस सेक्टरच्या बाजारात मी तिला मागून तीन हाका मारल्या. तीन. बाई भेंडी निवडत राहिली. त्या दिवसापासून मी तिचं नाव शिष्ट ठेवलं आणि बोलणं टाकलं. आमच्या बायकांत हे नाव लगेच रुजलं, आणि त्याचं श्रेय मी घेत होते.

फिल्मचे डबे दिवाळीच्या आठवड्यात आले. सहा पत्र्याचे गोल डबे, दिल्लीच्या बसच्या टपावरून आलेले, धुळीनं माखलेले. घरात माझी दिवाळीची साफसफाई चाललेली. पाहुण्याची वस्तू अशी ठेवायची नाही या संस्कारानं मी फडकं ओलं केलं आणि सहाही डबे लख्ख पुसले. पुसता पुसता वरच्या कागदाच्या चिठ्ठ्या भिजून निघाल्या. त्यांचा लगदा मी केरात टाकला. त्या चिठ्ठ्यांवर भागांचे आकडे होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं. डब्यांवर उरलं फक्त जपानी.

मी कर्नल साहेबांना सांगितलं, "आकडे दिसत नाहीत." पुसले असं म्हणाले नाही. दिसत नाहीत, एवढंच.

कर्नल साहेबांनी डबे टेबलावर मांडून पाहणी केली. "फौजेत उंचीप्रमाणे लावतात," म्हणाले. "इथं उंची सारखी. तेव्हा वजनाप्रमाणे लावा." तराजू आणला, सर्वांत जड डबा पहिला, सर्वांत हलका शेवटचा, अशी रांग लागली. माझी जबाबदारी सरकारी हुकुमाखाली झाकली गेली आणि मी गप्प बसले.

दर रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये खेळ. खिडक्यांना कर्नल साहेबांची फौजी कांबळी. प्रोजेक्टर आणि तो चालवणारे हरबंससिंग, दोन्ही एका कॉलेजकडून उसने. पहिल्या रविवारी बावीस पोरं आली. बावीस! मंडळाच्या इतिहासात एवढी पोरं फक्त लाडूवाटपाला आली होती.

गोष्ट एका बेटावरची. दीपगृह सांभाळणारा बाप, त्याची सहासात वर्षांची मुलगी आणि एका पायाचा समुद्रपक्षी. भाषा जपानी, त्यामुळे नावं कळायला मार्ग नव्हता. पोरांनी मुलीला चिमी केलं आणि पक्ष्याला लंगडू. समुद्र असा निळा रंगवला होता की पहिल्या रांगेतल्या एका पोरानं पाय वर घेतले.

इंगवले आपल्या बायकोसह पहिल्या रांगेत, कोपऱ्यात. इंगवल्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे हे एवढाले बोळे. पोरं पडद्याकडं कमी आणि त्या बोळ्यांकडं जास्त बघत होती. खेळ संपून हॉल रिकामा झाला की इंगवले हरबंससिंगांकडं जायचे.

"हरबंसजी, एक बार और."

"ओ जी, अब्बी तो देखी."

"अभी सिर्फ देखी. अब सुनना है."

दुसऱ्या वेळी कापूस काढून, पडद्याकडं पाठ करून, डोळे मिटून बसायचे. समोर सुमनबाई. इंगवल्यांचे डोळे मिटलेले आणि ओठ हलताहेत, जणू जप चाललाय. तिसऱ्या वेळी दोघंही सरळ बसून नीट बघायचे, ते पात्रांसाठी. मग वहीत काहीतरी लिहिलं जायचं. हरबंससिंग आधी वैतागले, नंतर त्यांना नाद लागला, आणि शेवटी तेही रीळ गुंडाळताना "आवाज साडे-छे" म्हणायला लागले.

मग सायकलवरून दोघं घरी. ती मागं, हे पुढं, आणि यांचा एक हात सारखा हवेत. पाच बोटं, मूठ, परत तीन बोटं. म्हणजे आठ. चौकातल्या वाहतूक पोलिसानं एकदा त्यांना हात दाखवणं म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं, पण सुधारणा झाली नाही.

दुसऱ्या रविवारी लंगडू मेला. चिमीनं त्याला वाळूत पुरलं, वर शिंपल्यांची रास केली, आणि हॉलमध्ये पोरांनी हुंदके दिले. तिसऱ्या रविवारी लंगडू मासा खात होता.

"मम्मी, ये तो मर गया था ना?" मिलिंदनं मोठ्यानं विचारलं.

कर्नल साहेब मागून म्हणाले, "पुनर्जन्म."

चौथ्या रविवारी बापाचा मोडलेला हात प्लास्टरमधून बरा होऊन निघाला, पाचव्या रविवारी तो मोडला. पोरांचा विश्वास उडाला. सहाव्या रविवारी नऊच पोरं उरली आणि त्यांतली चार मागं गोट्या खेळत होती. मला सगळं कळत होतं. मी घरी जाऊन ते ओलं फडकंच फेकून दिलं, जसा काही गुन्हा त्या फडक्याचा होता.

त्याच दुपारी समितीनं फॉर्म भरायला घेतला. इंगवल्यांची वही यायची वाटही कुणी पाहिली नाही. कर्नल साहेबांनी सांगितलं, मी लिहिलं: दृश्य पाच, ध्वनी चार, पात्रे दोन. पात्रांच्या कारणात लिहिलं की, आपण मेलो आहोत हे या मालिकेतल्या पात्रांच्या लक्षात राहत नाही. फॉर्म मंगळवारी टपालात पडणार होता. डबे पुढच्या सोमवारी परत.

इंगवले आले, वाचलं, आणि मी त्यांना पहिल्यांदाच रागावलेलं पाहिलं. "पात्रं चुकलेली न्हाईत, साहेब. आपन चुकलोय. हा कागद गेला तर पुढचे सहा कुनी देनार न्हाई. दोन दिवस थांबा."

"पुरावा?" कर्नल साहेब म्हणाले.

"वहीत हाय. खरं तो माझा न्हाई." एवढं बोलून निघून गेले.

सोमवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. ते कामावर असणार हे मला ठाऊक होतं. पण वही बघितल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर येत नव्हता. बेल दाबली. बेल वाजली नाही. परत दाबली. जाळीतून आत दिसलं: स्वयंपाकघराच्या दारावर एक लाल बल्ब लागला आणि विझला. मी बेल दाबली की तो लागायचा. सुमनबाई ओट्याकडं तोंड करून पीठ मळत होती. बल्बचा उजेड भिंतीवर पडला, तशी वळली आणि हात पुसत दार उघडायला आली.

मी पायरीवर उभी होते आणि भेंडी निवडणारी तिची पाठ माझ्या डोळ्यांपुढं होती. तीन हाका.

"या," ती म्हणाली. आवाज अगदी खालचा. माझ्या तोंडाकडं नीट बघत. "बल्ब यांनी बसवलाय. मला ऐकू येत नाही हो. सहा वर्षं झाली. अंबाल्याला असताना ताप आला होता."

"कुणाला सांगितलं का नाहीत?" माझा आवाज आपोआप चढला.

"हे असं," ती हसून म्हणाली. "सांगितलं की लोक ओरडायला लागतात. ओरडताना तोंड वाकडं होतं, मग ओठ कळत नाहीत. हळू बोला, मला सगळं कळतं."

मी हळू बोलले. चहा झाला. ती सांगत गेली. कान गेल्यावर तिनं सिनेमा सोडायचं ठरवलं होतं. नवऱ्यानं सोडू दिला नाही. घरी परतताना सायकलवर त्याची पाठ तिच्याकडं, ओठ दिसायचे नाहीत, म्हणून तिनं पाठीवर बोटानं टोकून विचारायचं, गाणं कसं होतं? आणि त्यानं हँडल सोडून बोटं वर करायची. मार्क तिथून सुरू झाले. मग त्याला वाटलं, नुसतं सिनेमालाच दिले तर लोक विचारतील, म्हणून सूर्यास्ताला दिले, चिवड्याला दिले, माझ्या सत्यनारायणाला दिले. सगळ्या सेक्टरनं त्या माणसाला चक्रम ठरवलं होतं आणि त्यानं ते आनंदानं ठरू दिलं होतं.

"कापूस कशाला घालतात?" मी विचारलं.

"मला काय दिसतं ते बघायला."

तिनं वही उघडली. प्रत्येक भागाला एक पान, तीन रकाने. आवाजाचा रकाना इंगवल्यांच्या अक्षरात, वाकडातिकडा: 'लाटा बऱ्या. बासरी चांगली. पोरीचा आवाज पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखा.' पात्रांचा रकाना दोघांच्या अक्षरात, खाडाखोडीसकट. एके ठिकाणी भांडण झालेलं स्पष्ट दिसत होतं. आणि चित्राचा रकाना तिच्या अक्षरात, बारीक, नीट. प्रत्येक पानाच्या कडेला तिनं पेन्सिलीनं एक छोटं दीपगृह काढलं होतं.

"ते बघा," ती म्हणाली. "बाप दीपगृहाला लाल रंग देतोय. खालून वर. प्रत्येक भागात रंग थोडा थोडा चढतो. आपण दाखवलं त्यात तो वर चढतो, खाली येतो, परत चढतो. रंग खाली कसा येईल?"

सहा आठवडे साठसत्तर डोळे त्या दीपगृहाकडं बघत होते. तोफखान्यातले दोन डोळे त्यांत होते. कुणालाही दिसलं नाही. तिनं सहा पानं रंगाच्या उंचीप्रमाणे एकामागून एक उलटून दाखवली. बापाचा हात ओळीनं मोडला आणि बरा झाला. लंगडू पाच भाग जगला आणि सहाव्यात मेला. मला रडू यायला लागलं, थोडं लंगडूसाठी आणि बरंचसं स्वतःसाठी.

"चिठ्ठ्या मी पुसल्या," मी म्हटलं. ओठ नीट हलवून म्हटलं.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "डबे फार चकचकीत होते."

चित्राच्या एकूण मार्कांवर माझी नजर गेली. साडेआठ. खाली लिहिलं होतं: 'दीड मार्क ओठांचे कापले. सगळ्यांना मिळून तीनच ओठ आहेत: मिटलेले, अर्धे, उघडे. कुठल्याच भाषेत बोललेलं कळणार नाही.' बाकी कुणाला कार्टूनचे ओठ बघायचं काय कारण होतं?

"मग मंडळात सांगा ना," मी म्हटलं.

"हेही तेच म्हणतात. तूच सांग. पण चार लोक एकदम बोलायला लागले की मी कुणाचे ओठ बघू? इथं अंधारात सगळे एकीकडंच बघतात, कुणी काही विचारत नाही. मला तेवढं बरं वाटतं. आठवड्यातून एकदा माणसांत बसते." कपबशा उचलत म्हणाली, "म्हणून यांना पुढचे सहा पाहिजेत."

त्या संध्याकाळी मी कर्नल साहेबांकडं गेले. चिठ्ठ्या मी पुसल्या, आणि रांग सुमनबाईंनी शोधली, असं दोन वाक्यांत सांगून टाकलं. तिच्या कानांबद्दल बोलले नाही. ते सांगणं माझं नव्हतं. कर्नल साहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

"वजनाचा हुकूम कुणाचा होता?"

"आपला."

"मग चूक वरिष्ठाची. फॉर्म फाडा. रविवारी सहाही भाग, सलग, योग्य रांगेत. इंगवल्यांनी पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट मराठीत सांगायची." मग म्हणाले, "आणि सुमनबाईंची खुर्ची अशी ठेवा की त्यांना इंगवल्यांचा चेहरा दिसेल. तोफखान्यात अर्धा कान मीही ठेवून आलोय, बाई. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

रविवारी इंगवले घरातला टेबललॅम्प घेऊन आले आणि तो आपल्या तोंडावर लावला. बायका कुजबुजल्या, "हिरो झालाय." मी मागं वळून असं बघितलं की कुजबुज बंद झाली. डबे सुमनबाईंनी स्वतःच्या हातानं एकेक करून हरबंससिंगांना दिले. "ये पक्का एक नंबर है, भैनजी?" त्यांनी विचारलं, आणि तिनं त्यांच्या दाढीआडच्या ओठांकडं निरखून बघत मान हलवली.

आणि इंगवले बोलायला लागले. जपानी त्यांना माझ्याइतकंच येत होतं. पण वडिलांच्या स्टुडिओतला माणूस होता तो. चिमी कोल्हापुरी बोलायला लागली. "आबा, लंगडूनं मासा पळवला की ओ!" बाप म्हणाला, "पळवू दे की. त्याला एक पाय कमी हाय, एक मासा जास्ती लागनारच." पोरं खदखदून हसली. गेल्या आठवड्याची नऊ पोरं आणखी वीस घेऊन आली होती आणि गोट्या कुणाच्या खिशातून बाहेर निघाल्या नाहीत.

सहाव्या भागात लंगडू गेला. चिमीनं शिंपल्यांची रास केली. मिलिंद माझ्या कुशीत शिरला. "आई," तो म्हणाला, मम्मी नाही, आई, "तो आता परत नाही ना येणार?"

"नाही रे राजा. आता रांग बरोबर आहे."

मग बापानं चिमीला खांद्यावर घेतलं, तिच्या हातात ब्रश दिला, आणि दीपगृहाचं शेवटचं टोक तिनं रंगवलं. लाल रंग वर पोचला. इंगवले बोलता बोलता पडद्याकडं वळले आणि तसेच बघत राहिले. शेवटची दोन वाक्यं त्यांनी पडद्यालाच सांगितली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी हात दुखेपर्यंत वाजवल्या.

नवीन फॉर्म वहीवरून जसाच्या तसा उतरवला, ओठांच्या दीड मार्कांसकट, आणि खाली दोघांच्या सह्या घेतल्या. पंधरा दिवसांनी दिल्लीहून पत्र आलं. सोबत राहून गेलेला सारांश होता, आणि त्यातली भागांची रांग सुमनबाईंच्या रांगेशी तंतोतंत जुळत होती. पत्रात लिहिलं होतं की, काम आटोक्यात राहावं म्हणून चित्रकार तीनच ओठ काढतात, ही गोष्ट आजवर त्यांच्याकडं आलेल्या एकाही अभिप्रायात कुणी पकडली नव्हती. निरीक्षण चित्रकारांकडं पाठवलं आहे. कर्नल साहेबांनी ते पत्र मंडळात उभं राहून वाचलं, सुमनबाईंकडं तोंड करून, हळू, एकेक शब्द. त्या दिवसानंतर आमच्या मंडळात सगळ्यांना समोर येऊन बोलायची सवय लागली, आणि ती माझी आजही गेलेली नाही. आमचं मंडळ! एवढ्याशा मंडळाचं नाव जपानपर्यंत गेलं आणि ते एका बाईच्या डोळ्यांनी नेलं, याचा मला माझ्या पोराच्या पहिल्या नंबराएवढा अभिमान आहे.

पुढचे सहा डबे आले. या वेळी आकडे पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवलेले होते. मी कुणाला काही बोलले नाही, आणि पुसायलाही गेले नाही.

हो, त्या सलग खेळाच्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. खेळ संपल्यावर मी कांबळी काढत होते, तेवढ्यात इंगवले वही नाचवत आले. "वैनी, हे बघा! हे बघा काय केलंय!"

त्या दिवशीच्या पानावर आवाजाच्या रकान्यात त्यांचं अक्षर नव्हतं. तिचं होतं, बारीक, नीट. साडेनऊ.

"अर्धा कापला की ओ!" ते ओरडले, आणि छाती अशी फुगलेली की शर्टाचं बटण ताणलं होतं.

सुमनबाई मागून आली. "शेवटी पडद्याकडं तोंड फिरवलंत. दोन वाक्यांचे ओठ दिसले नाहीत."

इंगवल्यांनी वही खाली केली. भिंग तपासणारा माणूस; ओरखडा होता हे त्यांना मान्य करावंच लागलं. "बरोबर हाय," ते म्हणाले.

मग सायकल काढली. ती मागं बसली. मी फाटकाशी उभी राहून बघत होते. चौकाच्या गोलापाशी तिनं त्यांच्या पाठीवर बोट टोकलं. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. साडेनऊ एका हातानं दोन खेपांत सांगायचा धीर नव्हता, म्हणून त्या पन्नाशीच्या माणसानं भर चौकात हँडलवरचे दोन्ही हात सोडले आणि वर केले: नऊ बोटं ताठ, दहावी करंगळी निम्मी दुमडलेली. सायकल डगमगली, पोलिसानं शिट्टी फुंकली, आणि दोघांपैकी एकालाही ती ऐकू आली नाही.